उपाशीपोटी यायचं

शनिवार, २

आज डॉक्टरीणबाईंनी विजेचं नाव काढलं.

जन्मभर मी वीज माणसांच्या अंगापासून लांब ठेवायचं काम केलं. दुकानात पंपा-पंख्यांच्या जळालेल्या मोटारी उघडायच्या, नवी तार भरायची, वार्निश देऊन वाळवायची, आणि गिऱ्हाइकाला बजावायचं की बाबा रे, ओल्या हाताने बटणाला शिवू नकोस. आणि या बाई म्हणतात, ती हिच्या डोक्याला लावू.

ही म्हणजे माझी बायको. परवाच सलाईन काढून घरी आणली. घास गालात धरून बसते. गिळ म्हटलं तर म्हणते, "कुठे गिळू? आत सगळं बुजलंय." आपली आतडी सडली, पोट म्हणजे तुंबलेली मोरी झाली, असं तिच्या मनाने घेतलंय. इतक्या खात्रीने सांगते की ऐकणाऱ्याने आपलंच पोट चाचपावं. तीन तऱ्हेच्या गोळ्या झाल्या. पालथ्या घड्यावर पाणी.

डॉक्टरीणबाई माझ्या लेकीच्या वयाच्या. म्हणाल्या, "काका, गोळ्यांची वाट बघण्याइतकी ताकद आता यांच्या अंगात उरलेली नाही."

"एसी की डीसी?" असं विचारून बसलो.

लेकीने कपाळाला हात लावला. पण बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, बारीक बारीक ठोक्यांची वीज, मोजून, काही सेकंद. आधी भूल देतात. मेंदूत एक फिट येते, ती आम्हीच आणतो आणि आम्हीच लक्ष ठेवून उभे असतो.

"फिट आणून बरं वाटतं?"

"नैराश्य असं टोकाला गेलं की पुष्कळांना वाटतं."

"का वाटतं?"

"थोडं कळलंय, काका. पूर्ण नाही कळलेलं."

खरं बोलल्या म्हणून बरं वाटलं, आणि खरं बोलल्या म्हणूनच धास्तीही वाटली. उठता उठता त्यांनी आणखी एक सांगितलं. आठवणी थोड्या पुसट होतील, विशेषतः या महिन्या-दोन महिन्यांतल्या. बहुतेक परत येतात. काही येतही नाहीत.

कुठल्या येत नाहीत, ते आधी कळत नाही म्हणे.

सोमवार, ४

आज सह्या झाल्या. डॉक्टरीणबाई स्टूल ओढून हिच्यासमोर, तिच्या डोळ्याला डोळा येईल अशा बसल्या. सगळं सावकाश सांगितलं. मग विचारलं, "करू या का?"

मग ही म्हणाली, "करा काहीही."

"काहीही नाही हो. हे करू का?"

"करा."

सही केली ती अशी, की झुरळाने शाईत पाय बुडवून कागदावरून चालत जावं. हिचं अक्षर मोत्यासारखं होतं. दुकानाच्या पावत्या तीच लिहायची.

दुपारी दुकानात गेलो, पण तार हातात धरवेना. एक जुनी गोष्ट सारखी डोळ्यांपुढे येत होती. तरुणपणी मी एकदा चालू तारेला चिकटलो होतो. हात सुटेना, तोंडातून आवाज फुटेना. हिने कोपऱ्यातली लाकडी काठी उचलून माझ्या मनगटावर असा काही तडाखा दिला, की तारही सुटली आणि हाडही दुखावलं. शुद्धीवर आलो तेव्हा ही तीच काठी हातात धरून उभी. पुढे तासभर माझ्या अकलेचा पंचनामा चालला होता. त्या वयात बोलायची फार. पुढे पुढे शांत झाली. गेल्या काही वर्षांत तर घरात आहे की नाही कळू नये इतकी. मला वाटायचं, वय झालं, पोक्तपणा आला. सुखाचे दिवस होते ते.

मंगळवार, ५

उद्या पहिली वेळ. सिस्टरांनी बजावलंय की केस धुऊन कोरडे हवेत, तेलाचा थेंब नको, आणि झोपताना जे काय पोटात जाईल ते शेवटचं. सकाळी उपाशीपोटी यायचं. पाण्याचा घोटसुद्धा नाही.

संध्याकाळी मीच हिचे केस धुतले. खुर्ची मोरीत ठेवली, तिला बसवलं, तांब्याने पाणी घातलं. पूर्वी हिच्या वेणीला हात लावायची कुणाची टाप नव्हती. आज मान वाकवून बसली, कोकरासारखी. डोळ्यांत साबण गेला तरी "अगं आई" म्हणाली नाही. टॉवेलने पुसताना हाताला कवटी लागली. केवढीशी आहे! एवढ्याशा जागेत आमचा सगळा संसार ठेवलाय हिने, आणि उद्या त्याला वीज लावायची.

बुधवार, ६

सकाळी लेक गाडी घेऊन आली. दवाखान्यात आत नेण्यापूर्वी सिस्टरांनी हिची कवळी काढून डबीत घातली आणि डबी माझ्या हातात दिली. "सांभाळा काका, हे दागिने."

दार लागलं. मी ती डबी दोन्ही हातांनी धरून बसलो. शेजारी कानटोपीवाले एक गृहस्थ होते. त्यांचा धाकटा भाऊ आत होता. म्हणाले, "पहिलीच वेळ वाटतं? घाबरू नका. आमचा हा दुसऱ्यांदा आलाय."

"म्हणजे पहिल्यांदा गुण नाही आला?"

"छान आला हो! इतका छान आला की आम्हीच शहाणे झालो आणि पुढचं सगळं बंद केलं. म्हणून दुसऱ्यांदा."

फार वेळ लागला नाही. मला मात्र डबीचा ठसा तळव्यावर उमटेपर्यंत कळ सोसावी लागली. आत बोलावलं तेव्हा ही कुशीवर पडली होती. डोळे उघडले, छताकडे पाहिलं, म्हणाली, "आपण कुठे आहोत?" सांगितलं. पुन्हा तेच विचारलं. पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी सिस्टरांकडे पाहिलं. सिस्टर म्हणाल्या, होतं असं, तासाभरात उतरेल.

उतरलं. घरी आल्यावर मी हळूच एकेक विचारून पाहिलं. लेकीचा वाढदिवस कधी? पहिलं भाड्याचं घर कुठल्या मजल्यावर? आपली ओळख कुणी करून दिली? तारेत वीज खेळते का ते बघायला टेस्टर लावतो, तसं. सगळं बरोबर आलं. फक्त प्रत्येक उत्तरानंतर ती माझ्याकडे बघत राहायची, परीक्षेला बसवल्यासारखी.

शनिवार, ९

आज हातून घोडचूक झाली.

पहाटे मी चूळ भरून आलो तर ही उशीला टेकून बसलेली. म्हणाली, "चहा आहे का?"

आपणहून! गेल्या कित्येक महिन्यांत हिने तोंडाने काही मागितलं नव्हतं. मला कसला दवाखाना आणि कसलं काय. आधण ठेवलं, दूध घातलं, साखर जरा जास्तच पडली. अर्धा कप प्याली. गालात धरला नाही, गिळला. मी समोर उभा राहून तिचा घसा वर-खाली होताना पाहत होतो.

दवाखान्यात भुलीच्या डॉक्टरांनी नेहमीचं विचारलं, "सकाळपासून पोटात काही?"

मी छाती फुगवून सांगितलं, "अर्धा कप चहा! आपणहून मागितला!"

त्यांनी पेन खाली ठेवलं. मग समजावलं. भुलीत पोटातलं वर येतं, फुफ्फुसात जातं, जीव जाऊ शकतो. आज नाही. सोमवारी या.

गाडीत लेक पेटलीच. "बाबा, एवढी एक गोष्ट सांगितली होती!"

"अगं, तिने मागितला."

"उद्या विष मागेल!"

मागच्या सीटवर ही खिडकीबाहेर बघत होती, कुणा तिसऱ्याचंच भांडण असल्यासारखी. संध्याकाळपर्यंत पुन्हा तेच. आत बुजलंय, कुठे गिळू.

त्या एका कपाने हिचे दोन दिवस खाल्ले. उपाशी न्यायचं, हे मी सोडून सगळ्यांच्या लक्षात होतं.

सोमवार, ११

दुसरी वेळ पार पडली. आदल्या संध्याकाळीच लेक चहा-साखरेचे डबे आपल्या पिशवीत घालून घेऊन गेली होती. मला लाज वाटली, पण डबे दिले.

गुरुवार, १४

काल तिसरी झाली. आज जे घडलं त्याने माझी झोप उडणार आहे.

दुपारी भाज्यांचं सूप करून दिलं. हिने एक चमचा घेतला आणि म्हणाली, "हे काय? भांडी विसळलेलं पाणी आहे की काय?"

मी म्हटलं, "मीठ घालू?"

"मीठ घाला, तिखट घाला, आणि जमलं तर भाजीपण घाला."

बोलणं असं चटकन, धारदार. नजरही वेगळीच. गेल्या कित्येक वर्षांत ही मला कधी असं बोलली नाही. मी घाबरलो. कुठली तरी तार कुठे तरी चिकटली असणार. शांत बाई आत नेली आणि त्यांनी भलतीच परत दिली.

लेकीला फोन करून शब्दन् शब्द सांगितला. ती आधी मोठ्याने हसली. मग हसता हसता तिला रडू फुटलं. "पुन्हा सांगा बाबा, काय म्हणाली? भाजीपण घाला म्हणाली?"

यात हसण्यासारखं काय आहे आणि रडण्यासारखं काय आहे? आईला काय झालंय याचं कुणाला गांभीर्यच नाही. सूप सगळं संपवलं, ते एक बरं.

शनिवार, १६

चौथी.

घरी आल्यावर ही स्वयंपाकघरात उभी राहून फळ्या निरखत होती. मिठाची बरणी कुठे असते ते आठवेना. हिची स्वतःची बरणी, हिनेच ठेवलेली. मी काढून दिली तर म्हणाली, "माझ्या घरात मलाच पाहुणी केली की."

संध्याकाळी माझ्या तोंडून निघून गेलं, "सलाईनवर होतीस तेव्हा मी चमच्याने भरवायचो, तेव्हाही तू अशीच बघायचीस."

"कोण भरवायचं?"

"मी."

"तुम्ही? तुम्हाला स्वतःचं ताट वाढून घेता येत नाही."

थट्टा असेल म्हणून मी वाट पाहिली. थट्टा नव्हती. तिला ते दिवस आठवतच नाहीत. खाटेला खेटून बसलो होतो, एकेका चमच्यासाठी लहान मुलासारखी मनधरणी केली होती, ओठ पुसले होते. सगळं पुसलं गेलं. खोटं कशाला लिहू, फार वाईट वाटलं. आपण केलेलं बोलून दाखवू नये, असं आपण जगाला सांगतो. पण ज्याच्यासाठी केलं त्याच्याकडे तरी ते कुठे तरी जमा असावं, एवढी आशा असतेच की.

आज ते दिवस गेले. पुढच्या वेळी काय जाईल? लेकीचं बाळपण? ती काठी?

सोमवार, १८

डॉक्टरीणबाईंना गाठलं. म्हटलं, आता जेवते, झोपते, आतड्यांचं नाव काढत नाही. पुरे करा.

त्या म्हणाल्या, अर्ध्यावर सोडलं तर आजार उलटायची भीती जास्त. आणखी काही वेळा लागतील. विसरण्याचं त्यांनाही दिसतंय, म्हणून वीज लावायची जागा आणि दोन वेळांमधलं अंतर यांचा पुन्हा विचार करतील. "पण काका, सही त्यांची आहे. थांबायचं तर त्यांनी सांगायला हवं. तुम्ही त्यांच्याशी बोललात?"

मी म्हटलं, "तिला काय कळतंय?"

त्यांनी हिच्या सहीचा कागद माझ्यापुढे सरकवला.

बाहेर आल्यावर लेक म्हणाली, "अर्धी भरलेली मोटार घेऊन जाऊ नका, पुन्हा जळेल, असं गिऱ्हाइकांना कोण सांगतं?"

"मोटार वेगळी. मोटारीला आठवणी नसतात. आणि तुझी आई बदलली आहे. पूर्वी किती शांत होती."

लेक जिन्यात थांबली. "बाबा, आई शांत नव्हती झाली. ती दहा वर्षं हळूहळू विझत होती. आपल्याला आवाज नको होता, म्हणून आपल्याला बरं वाटत होतं."

पोरगी तोंडाला येईल ते बोलते. आईवर गेली आहे.

मंगळवार, १९

आज ही माझ्याबरोबर दुकानात आली. किती दिवसांनी! खुर्ची रुमालाने झटकली, रुमाल मला दाखवला, म्हणाली, "एवढ्या मातीत बटाटे आले असते." तारेची रिळं जाडीप्रमाणे लावून ठेवली. एक गिऱ्हाईक दुरुस्त झालेला पंप न्यायला आलं आणि घासाघीस करू लागलं, तर ही म्हणाली, "भाऊ, पंप ठेवून जा आणि बादलीने भरा पाणी." तो हसत हसत पैसे ठेवून गेला. जाताना मला म्हणतो, "काकू परत आल्या वाटतं!"

परत आल्या. हा शब्द दिवसभर डोक्यात फिरतो आहे.

परत आली असेल, तर उद्या पुन्हा विजेखाली कशाला पाठवायची? आजचा दिवस तिच्याकडे राहील का? रुमाल, बटाटे, पंप? की उद्या विचारेल, आपण कुठे आहोत?

तिच्याशी बोलायला हवं, हे कळतं. दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. ती "थांबवा" म्हणाली आणि पुन्हा आजारी पडली तर? "करा" म्हणाली आणि मला विसरली तर? दोन्ही उत्तरांची भीती वाटते म्हणून प्रश्नच विचारत नाही. असा मी शूर.

लेक डबे न्यायला आली नाही. म्हणाली, "आता तुमच्यावर विश्वास आहे." अर्धा कप चहा पोटात गेला की ते उद्या हात लावणार नाहीत, हे मला चांगलं ठाऊक आहे. लिहू नये, पण लिहितो. तो कप सारखा डोळ्यांपुढे येतो आहे.

बुधवार, २०

सकाळी मी चहा केला.

आज घाई नव्हती, विसरलो नव्हतो, आणि तिने मागितलाही नव्हता. आधण ठेवलं, दूध घातलं, साखर बेताची. कप घेऊन तिच्यापाशी गेलो. बशीवर कप वाजत होता, म्हणून बशी काढून ठेवली.

ती उठून केस विंचरत होती. म्हटलं, "घे. गरम आहे."

तिने कपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. फणी खाली ठेवली.

"आज बुधवार ना?"

"हो."

"उपाशीपोटी जायचंय ना?"

मी म्हटलं, "अरे हो की. विसरलो."

"तुम्ही नाही विसरलात," ती म्हणाली. "विसरायचं खातं सध्या माझ्याकडे आहे. त्यात हात घालू नका."

मग कसंबसं बोललो. एक दिवस नाही गेलं तर काय होतंय, तू बरी आहेस, मला भीती वाटते. त्या दिवसांतलं तुला काही आठवत नाही, आणखी किती जाईल कोण जाणे. मी... माझं...

"बसा," ती म्हणाली. मी खाटेवर बसलो.

"तुम्ही भरवत होतात ते मला खरंच आठवत नाही. सारखी आठवायला बघते, नाही येत. पण त्याआधी आत काय होतं, ते मला पक्कं आठवतं. माणसं बोलायची आणि मला वाटायचं, ही कुणाशी बोलतायत, मी तर कधीच संपले. तिकडे मला परत नाही जायचं. बाकी दोन-चार गोष्टी गेल्या तर जाऊ देत. तुम्ही आहात ना सांगायला? चांगलं तिखट-मीठ लावून सांगा. तेवढं तरी घालता येतं तुम्हाला."

मला हसूही आलं आणि डोळेही भरले.

"बायकोला विचारायचं, का तिच्या पोटाला लाच द्यायची?" ती म्हणाली. "जा, ओता तो चहा. वास येतोय, भूक लागलीये मला."

भूक लागलीये म्हणाली. मी मोरीत कप ओतला आणि उभ्या उभ्या पाणी सोडत राहिलो. मीही काही खाल्लं नाही. सोबत म्हणून.

दवाखान्यात कवळीची डबी पुन्हा माझ्या हातात आली. दार लागलं. आज कानटोपीवाले नव्हते. मी आणि लेक दोघंच. लेकीला सकाळचं सगळं सांगून टाकलं. वाटलं, भडकेल. माझ्या हातातली डबी काढून घेऊन थोडा वेळ तिने धरली.

आत बोलावलं. ही पडून होती. चेहरा पांढरा, ओठ आत गेलेले. डोळे उघडले, इकडेतिकडे फिरले आणि माझ्यावर थांबले.

"दात द्या आधी," ती म्हणाली.

दिले. बसवून घेतले. जरा वेळाने म्हणाली, "तोंड कोरडं पडलंय. सकाळी चहा दिला होतात का मला?"

म्हणजे सकाळ गेली होती. ते सगळं बोलणं, बसा म्हणाली ते, तिखट-मीठ. माझी चोरीही गेली होती. नाही म्हटलं असतं तर कुणाला कळणार होतं? लेक पलीकडे उभी राहून माझ्याकडे बघत होती.

"दिला होता," मी म्हटलं. "तू घेतला नाहीस."

"मी चहाला नको म्हटलं?"

"हो."

ती विचार करत राहिली. कपाळावर बारीक आठी पडली. मग हळूहळू मान माझ्याकडे वळली.

"उपाशीपोटी यायचं होतं ना? मग तुम्ही दिलातच कसा?"

लेक खो खो हसत सुटली. सिस्टर डोकावून गेल्या. मी कबूल केलं. एकाच कपासाठी एकाच दिवसात दोनदा पकडला गेलेला माणूस जगात दुसरा नसेल. आणि पकडलं जाण्यात इतकं सुख असतं, हे मला या वयात कळलं. शांत बाई मला परत नको. कधीच नको होती. मीच एवढी वर्षं विझलेल्याला शांत म्हणत बसलो. दिव्या-पंख्यांवर पोट भरणाऱ्या माणसाने तरी असं म्हणायला नको होतं.

जेवणानंतर सकाळचं बोलणं मी तिला पहिल्यापासून सांगितलं. ती लक्ष देऊन ऐकत होती, दुसऱ्याच कुणा बाईची गोष्ट ऐकावी तशी. मध्येच म्हणाली, "बरी बोलले की मी."

संध्याकाळी चहाचा डबा काढून तिच्या हातात दिला. म्हटलं, हा आता तुझ्याकडे. माझा भरवसा नाही. तिने तो कुठे तरी ठेवला, मला दाखवला नाही. शनिवारपर्यंत जागा तिच्याही लक्षात राहणार नाही कदाचित.

नाही राहिली तर नाही. दवाखान्यातून आलो की दोघं मिळून शोधू.